डिझेल पिकअपच्या इंजिनाचे अधूनमधून अडखळणे

डिझेल पिकअपच्या इंजिनाचे अधूनमधून अडखळणे हा वाहनातील एक दोष असून त्यात चालू इंजिनाची शक्ती क्षणभर तुटते आणि पुन्हा पूर्ववत होते. मात्र हा प्रकार सतत न घडता काही विशिष्ट परिस्थितीतच घडतो. बोलीभाषेत यास ‘गाडी मिसिंग मारते’, ‘झटके देते’ किंवा ‘मध्येच पिकअप सोडते’ असे म्हणतात. काटेकोरपणे पाहता ‘मिसिंग’ म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन न होणे. त्यात इंजिन एका ठरावीक तालात थरथरते. अडखळण्यात बहुधा सर्वच सिलिंडरांचे इंधन एकदम कमी पडते व गाडी मागून कोणी ओढल्यासारखी दबते. निदानाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या प्रकारात शोध एका इंजेक्टरपर्यंत जातो, तर दुसऱ्यात टाकी, पंप, सेन्सर व वायरिंग अशा सर्वांना सामाईक असलेल्या भागांकडे वळावे लागते.

या दोषाची खरी अडचण अशी की, गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा ती बहुधा उत्तम चालत असते. दोष समोर नसताना अंदाजाने भाग बदलण्याचा मोह होतो आणि तो सर्वांत महाग भागांपासून, म्हणजे इंजेक्टर व उच्च दाबाच्या पंपापासून सुरू होतो. प्रत्यक्षात तांब्याचा एखादा वायसर, चिरलेला रबरी नळ किंवा सैल झालेली अर्थिंगची वायर यांसारख्या किरकोळ वस्तूही हुबेहूब हीच लक्षणे निर्माण करतात. त्यामुळे स्वस्त व सोप्या तपासण्या आधी आणि भाग बदलणे सर्वांत शेवटी, हा क्रम केवळ काटकसरीचा नसून तर्काचाही आहे.

नाशिकची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्याचा डिझेल वाहनांशी संबंध दुहेरी आहे. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत महिंद्रा अँड महिंद्राचा वाहन कारखाना असून इगतपुरी येथे याच कंपनीचा इंजिन कारखाना आहे. सातपूरमध्येच डिझेल इंजेक्टर व नोझल बनविणारा बॉश कंपनीचा कारखानाही आहे. १९५१ साली स्थापन झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच ‘मायको’, २००८ पासून बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते. शहरातील मायको सर्कल या चौकाच्या नावात मात्र जुने नाव टिकून आहे. म्हणजे ज्या भागावर संशय सर्वांत आधी घेतला जातो, तो भाग तयार करणारे हे गाव आहे.

दुसऱ्या बाजूस, जिल्ह्यातील शेतमालाची वाहतूक मोठ्या प्रमाणावर पिकअपवर अवलंबून आहे. पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, दिंडोरी व निफाड तालुक्यांतील द्राक्षे आणि नाशिक बाजार समितीतून रातोरात मुंबईकडे जाणारा भाजीपाला ही त्याची ठळक उदाहरणे होत. या मालाला बाजाराची वेळ गाठावी लागते व रस्त्यात कसारा घाट किंवा चांदवडजवळचा राहुड घाट पडतो. सपाट रस्त्यावर न जाणवणारा दोष घाटात भरलेल्या गाडीत प्रकट होतो, कारण तेथे इंजिनाला दीर्घकाळ जास्त इंधन लागते. एकाच जिल्ह्यात हवामानाचेही टोकाचे फरक आहेत. इगतपुरीत अतिवृष्टी होते, तर निफाड परिसरात हिवाळ्यात किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. या दोन्ही गोष्टी पुढे वर्णिलेल्या काही कारणांशी निगडित आहेत.

इंधनाचा मार्ग

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन फवारले की ते स्वतः पेटते. त्यामुळे पेट्रोल गाडीप्रमाणे प्लग किंवा कॉइलवर संशय घेण्याचा प्रश्नच येत नाही; इंधन योग्य वेळी, योग्य प्रमाणात व पुरेशा दाबाने पोहोचते की नाही, हाच मुख्य प्रश्न उरतो.

सध्याच्या पिकअपमध्ये कॉमन रेल प्रणाली वापरतात. टाकीतील डिझेल जाळी, नळी, पाणी वेगळे करणारा कप व फिल्टर यांतून फीड पंपाकडे येते. तेथून उच्च दाबाचा पंप ते एका जाड पोलादी नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवतो आणि संगणकीय नियंत्रक म्हणजे ईसीएम इंजेक्टर उघडून ते सिलिंडरांत सोडतो. रेलमधील दाब निष्क्रिय वेगाला, म्हणजे आयडलिंगला, साधारण २५० ते ३५० बार व पूर्ण भाराखाली पहिल्या पिढीच्या प्रणालींत सुमारे १,३५० बार असे. नंतरच्या प्रणालींत तो १,६०० बार व त्याहून पुढे गेला. मालवाहू गाडीच्या टायरमधील हवेचा दाब तीन-चार बार असतो, हे लक्षात घेतल्यास या आकड्यांची कल्पना येते.

अनेक पिकअपमध्ये टाकीत विद्युत पंप नसतो. फीड पंप उच्च दाबाच्या पंपालाच जोडलेला असतो व तो इंधन ओढून घेतो. परिणामी टाकीपासून पंपापर्यंतची संपूर्ण नळी वातावरणापेक्षा कमी दाबाखाली, म्हणजे शोषणाखाली असते. या एका वस्तुस्थितीतून या दोषाची बरीच कोडी सुटतात.

दोष केव्हा येतो

निदानाची सुरुवात पाना किंवा स्कॅनर यांपासून न होता चालकाला विचारलेल्या प्रश्नांपासून होते. इंजिन थंड असताना अडखळते की तापल्यावर? चढावर की आयडलिंगला? टाकी निम्म्याखाली गेल्यावर की भरलेली असतानाही? खड्ड्यातून गेल्यावर? पाऊस झाल्यावर किंवा इंजिन धुतल्यावर? नुकतेच डिझेल कोठे भरले, फिल्टर केव्हा बदलला व त्यानंतर किती दिवसांनी हा प्रकार सुरू झाला? अखेरचा प्रश्न बऱ्याचदा विचारायचा राहून जातो. फिल्टर बदलल्यापासून अडखळ सुरू झाली असेल, तर नीट न बसलेले रबरी सील किंवा पुन्हा वापरलेला जुना वायसर हे पहिले संशयित ठरतात.

चालकाचे वर्णन जसेच्या तसे नोंदवणे उपयोगी असते. ‘पिकअप घेत नाही’ या एका वाक्याखाली टर्बोची गळती, ॲक्सिलरेटर पेडलचा दोष व इंधनाचा तुटवडा या तिन्ही गोष्टी येऊ शकतात. शक्य असल्यास तंत्रज्ञाने चालकासह, त्याच रस्त्यावर व तेवढ्याच भाराने गाडी चालवून पाहावी. रिकामी गाडी गॅरेजभोवती फिरवून काढलेला निष्कर्ष विश्वसनीय नसतो.

कमी दाबाची बाजू

शोषणाखालील नळीला सूक्ष्म चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही. उलट बाहेरची हवा आत जाते. म्हणूनच ‘कुठेही ओल नाही, म्हणजे लाइन ठीक आहे’ हा निष्कर्ष येथे फसवा ठरतो. आत गेलेल्या हवेचे बुडबुडे दाबले जातात. द्रव डिझेलप्रमाणे त्यांच्यावर दाब चढत नाही. त्यामुळे रेलमधील दाब क्षणभर कोसळतो व इंजिन अडखळते. बुडबुडा पुढे निघून गेला की सर्व सुरळीत होते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर याच चिरेतून हवा शिरून डिझेल टाकीकडे परत उतरते व सकाळी गाडी उशिरा चालू होते. सकाळचा हा त्रास आणि दिवसा चढावरील अडखळ या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून सांगितल्या जातात, पण त्यांचे मूळ एकच असू शकते. गॅरेजमध्ये यास ‘हवा धरली’ म्हणतात. हँड पंप मारून हवा काढली की गाडी चालते, परंतु हवा आत शिरण्याची जागा तशीच राहिल्याने दोष काही दिवसांत परततो.

हवेचा शोध घेण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे फिल्टर व पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडणे. हवा काढल्यानंतर सुरुवातीचे एखाद-दुसरे बुडबुडे दुर्लक्षणीय असतात. इंजिन चालू राहूनही बुडबुड्यांची रांग सुरूच असेल तर दोष सिद्ध होतो. त्यानंतर पारदर्शक नळी टाकीच्या दिशेने एकेक जोड मागे सरकवत नेल्यास हवा नेमकी कोठे शिरते ते कळते. याहून निर्णायक चाचणी वेगळ्या डब्याची आहे. स्वच्छ डिझेलचा डबा सुरक्षित बांधून पंपाची शोषण नळी व परतीची नळी त्यात सोडतात आणि गाडी चालवून पाहतात. अडखळ गेली तर पंप, रेल व इंजेक्टर निर्दोष ठरतात व दोष टाकी ते फिल्टर या भागात अडकतो. अडखळ कायम राहिली तर तो पुढे आहे. अर्ध्या तासाची ही चाचणी न करता पंप उतरवणे समर्थनीय नाही.

टाकीशी संबंधित दोन कारणे विशेष चकवा देणारी आहेत. टाकीच्या झाकणातील किंवा श्वसननळीतील छिद्र धुळीने बुजले तर डिझेल वापरले जाईल तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते. तीस-चाळीस किलोमीटरनंतर गाडी दबू लागते. चालक थांबून झाकण उघडतो, ‘फुस्स’ असा आवाज होतो आणि गाडी पुन्हा तितकेच अंतर नीट चालते. दुसरे कारण म्हणजे टाकीत पडलेला प्लास्टिकचा तुकडा किंवा चिंधी. इंजिन चालू असताना शोषणामुळे ती जाळीवर चिकटते, इंजिन बंद केले की खाली सुटते. तपासणीच्या वेळी गाडी नेहमी बंद असल्याने हा दोष तेव्हा अस्तित्वातच नसतो. टाकी उतरवून रिकामी करणे हाच त्यावरचा उपाय आहे.

फिल्टर तुंबल्यास अडखळ मुख्यतः जास्त भाराखाली येते. गढूळ किंवा पाणीमिश्रित डिझेलाची शंका असल्यास पाण्याच्या कपाखालील नळ सैल करून थोडे डिझेल काचेच्या बरणीत घ्यावे व काही वेळ स्थिर ठेवावे. पाणी तळाशी वेगळे दिसते. शेतात ट्रॅक्टरसाठी पिंपात साठवलेले डिझेल पिकअपमध्ये ओतल्याने पाणी व गाळ टाकीत जाण्याची शक्यता वाढते. बेकायदा विकल्या जाणाऱ्या तथाकथित बायोडिझेलाचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण उच्च दाबाच्या पंपाचे वंगण डिझेलच असते व त्यातील भागांमधील अंतर केवळ काही मायक्रॉन असते. अशा इंधनामुळे पंप झिजला तर त्याचे धातुकण पुढे इंजेक्टरांपर्यंत जातात. फिल्टर कापून पाहिल्यावर चकाकणारे कण आढळले, तर मात्र महागडी दुरुस्ती टाळता येत नाही.

थंडीत डिझेलातील मेणासारखे घटक गोठून फिल्टर तुंबण्याचा प्रकार महाराष्ट्रात क्वचितच घडतो. भारतीय मानकानुसार थंडीत डिझेल फिल्टरमधून जाण्याची तापमान मर्यादा हिवाळ्यासाठी कमाल ६ अंश, तर इतर काळासाठी १८ अंश सेल्सिअस आहे. त्यामुळे उन्हाळ्यात साठवलेले डिझेल निफाडच्या कडाक्याच्या पहाटे वापरल्यास ही शक्यता अगदीच नाकारता येत नाही. ऊन वर आल्यावर दोष नाहीसा होणे ही त्याची खूण.

रेलमधील दाब वाचणे

कॉमन रेल इंजिनात निदानाचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे स्कॅनरवर चालत्या गाडीत घेतलेली सलग नोंद. त्यात किमान पाच गोष्टी एकत्र नोंदवाव्या लागतात: नियंत्रकाने मागितलेला रेल दाब, प्रत्यक्ष रेल दाब, इंजिनाचे फेरे, ॲक्सिलरेटर पेडलची स्थिती आणि बॅटरीचा व्होल्टेज. अडखळीच्या क्षणी यांपैकी काय आधी बदलले, यावर निष्कर्ष अवलंबून असतो.

मागितलेला दाब स्थिर असताना प्रत्यक्ष दाब खाली येत गेला आणि मागोमाग फेरे उतरले, तर इंधनाचा तुटवडा आहे. शोध कमी दाबाच्या बाजूकडे, नंतर पंपावरील मीटरिंग व्हॉल्व्हकडे व जास्त परतावा देणाऱ्या इंजेक्टरांकडे न्यावा. चालकाने पेडल स्थिर धरले असूनही मागितलेला दाबच खाली आला, तर इंधन कमी करण्याचा निर्णय नियंत्रकाने घेतला आहे व कारण पेडल, ब्रेक स्विच किंवा संरक्षणासाठीच्या एखाद्या मर्यादेत आहे. प्रत्यक्ष दाबाचा आकडा एका क्षणात अशक्य मूल्यावर जाऊन पुढच्या क्षणी परत आला, तर ते सेन्सरचे किंवा त्याच्या वायरचे काम आहे. खरा दाब इतक्या झटक्याने खाली-वर होत नाही. गाडी गिअरमध्ये धावत असताना फेऱ्यांचा आकडा अकस्मात शून्य झाला, तर क्रँक सेन्सरवर संशय जातो. स्कॅनर सेकंदाला मोजक्याच नोंदी घेत असल्याने काही मिलिसेकंदांचा खंड त्यात निसटू शकतो. अशा वेळी ऑसिलोस्कोप लागतो.

नियंत्रकात साठलेले दोषसंकेत उपयुक्त असले तरी ते निकाल नसून साक्ष आहेत. ‘पी ००८७’ हा संकेत रेलमधील दाब अपेक्षेपेक्षा कमी पडल्याचे सांगतो. पंप खराब असल्याचे सांगत नाही. हवा शिरणे, फिल्टर तुंबणे, टाकीतील चिंधी आणि झिजलेला इंजेक्टर या सर्वांतून तोच संकेत उमटतो. संकेतासोबत साठलेली त्या क्षणाची स्थिती, म्हणजे फेरे, तापमान व भार, ही त्याहून बोलकी असते. म्हणून संकेत पुसण्यापूर्वी ती लिहून घ्यावी.

इंजेक्टरांची तुलना करण्यासाठी प्रत्येकाच्या परतीच्या नळीतून येणारे डिझेल सारख्या बाटल्यांत ठरावीक वेळ जमा करतात. एका बाटलीत इतरांपेक्षा पुष्कळ जास्त डिझेल जमा झाल्यास तो इंजेक्टर दाब वाया घालवत असतो. चारही बाटल्या जवळपास सारख्या असतील व परतावा निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत असेल, तर संपूर्ण संच बदलण्याचा सल्ला तपासून घेणे योग्य.

विद्युत दोष

खड्ड्यात, पावसात किंवा तापल्यावर येणारा दोष बहुधा विद्युत असतो. क्रँक सेन्सर तापल्यावर संकेत देणे थांबवू शकतो. इंजिन एकदम बंद पडते आणि दहा-पंधरा मिनिटे थंड झाल्यावर काहीच न घडल्यासारखे चालू होते. ॲक्सिलरेटर पेडलमध्ये दोन स्वतंत्र सेन्सर असतात व त्यांच्या व्होल्टेजचे परस्परप्रमाण ठरलेले असते. एक जरी झिजला व प्रमाण बिघडले, तर नियंत्रक पेडलवर विश्वास ठेवणे सोडून शक्ती मर्यादित करतो. ब्रेक स्विच चुकीच्या जागी बसला असेल तर ब्रेक व ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबल्याचा समज होऊनही अनेक प्रणालींत शक्ती कमी केली जाते. स्विचची किंमत किरकोळ असल्याने त्याकडे कोणी पाहत नाही, हे नमूद करण्याजोगे आहे.

वायरिंगची तपासणी डोळ्यांनी व हातांनी करावी लागते. इंजिन चालू ठेवून वायरिंगचा जुडगा व प्रत्येक कनेक्टर हळुवार हलवायचा. एखाद्या ठिकाणी हलवताच इंजिन दचकले तर दोष तेथेच आहे. बॅटरी, इंजिन व चॅसिस यांमधील अर्थिंग, मुख्य रिले आणि इंजिनाच्या कडांवर घासणारा जुडगा यांकडे विशेष लक्ष द्यावे. जोरदार पाण्याने इंजिन धुतल्यानंतर किंवा पावसाळ्यात सुरू झालेल्या दोषात कनेक्टर उघडून आतील पिनांवर हिरवट थर आहे का, ते पाहतात. बाजारात गाडीवर नंतर बसवलेली चोरीविरोधी यंत्रणा, जीपीएस किंवा जादा दिवे यांच्यासाठी मूळ वायर कापून जोड दिला असल्यास तो जोड आधी तपासणे इष्ट.

हवेचा मार्ग व धूर

टर्बोची नळी फाटणे किंवा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकणे यांतून काळा धूर व शक्तीची कमतरता येते, पण ती सहसा सततची असते. ईजीआर मात्र काजळीमुळे कधी अडकतो, कधी सुटतो. अडखळीच्या वेळी पांढरा धूर निघाल्यास न जळलेले डिझेल बाहेर पडत असल्याचे समजावे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या ज्या गाड्यांत काजळीचा फिल्टर आहे, त्यांत तो जाळून स्वच्छ करण्याच्या काळात इंजिनाचा आवाज व आयडलिंगचा वेग बदलतो. तो दोष नव्हे.

जुनी इंजिने

यांत्रिक रोटरी पंपाच्या जुन्या पिकअप जिल्ह्यात अजून धावतात. त्यांत स्कॅनरचा उपयोग नसतो. पण हवा, टाकी व फिल्टर यांविषयी वर सांगितलेले सर्व लागू पडते. पंपावरील स्टॉप सोलेनॉइडची वायर सैल असल्यास खड्ड्यागणिक इंधन तुटते, आणि या गाड्यांतील एकमेव महत्त्वाचा विद्युत दोष बहुधा हाच असतो.

सुरक्षितता

जुन्या इंजिनात कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाहण्यासाठी इंजिन चालू असताना नोझलच्या पाइपचा नट सैल करण्याची पद्धत होती. कॉमन रेल इंजिनात असे कधीही करू नये. उच्च दाबाची ती बारीक धार कातडी भेदून डिझेल बोटात घुसवते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते व सुरुवातीस फारशी दुखतही नाही, परंतु आतील ऊती मरू लागतात व तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट वा हात गमावण्याची वेळ येते. अशी इजा झाल्यास दुखण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे व डिझेल दाबाने आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. सिलिंडर तपासायचे असल्यास स्कॅनरद्वारे एकेक इंजेक्टर बंद करण्याची सोय असते. गळती शोधताना हाताऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा वापरतात.

घाट उतरताना इंजिन अडखळले तर चालकाने क्लच दाबू नये व गाडी न्यूट्रलवर आणू नये. गिअर टाकलेला असेपर्यंत चाकेच इंजिन फिरवत ठेवतात, त्यामुळे इंधन तुटले तरी इंजिनावर चालणारा ब्रेकचा व्हॅक्यूम पंप व पॉवर स्टिअरिंगचा पंप काम करत राहतो. इंजिन फिरायचे थांबले की ब्रेकला जेमतेम काही वेळा दाबण्यापुरता साठा उरतो आणि स्टिअरिंग जड होते.

दुरुस्तीची खात्री

कनेक्टर काढून पुन्हा लावला किंवा टाकी हलली, एवढ्यानेही असा दोष काही दिवस लुप्त होतो. त्यामुळे ‘आता येत नाही’ ही खात्री नव्हे. दोषी ठरवलेला भाग मुद्दाम पुन्हा बिघडवून तीच अडखळ आणता आली, उदाहरणार्थ संशयित जोड सैल करताच पारदर्शक नळीत बुडबुडे व रेल दाबात तीच घसरण दिसली, तर निदान पक्के होते. ते शक्य नसल्यास पूर्वी ज्या भाराने, ज्या चढावर व जेवढ्या तापमानाला दोष येत असे, त्याच परिस्थितीत स्कॅनरची नोंद पुन्हा घेऊन आधीच्या नोंदीशी ताडून पाहतात. काढलेले जुने भाग तोपर्यंत गाडीमालकाकडे राहिलेले बरे.